गोव्यातील इन्क्विझिशन : प्रचलित समजुती आणि इतिहासातील पुरावे

॥ श्री ॥



दाना ओली आणि एकंदर लष्कर भागात राहणाऱ्या मराठी घराण्यांपैकी काहींचे कुलदैवत गोमंतकात आहे, हे आपणां सर्वांस विदित आहेच. श्रीमंगेश, श्रीशांतादुर्गा, श्रीम्हाळसा, श्रीरामनाथ यांच्या दर्शनास जाऊन आलेली मंडळी प्रसादाबरोबर एक कथाही घेऊन येतात. इन्क्विझिशनचा छळ सुरू झाला, आणि आपले पूर्वज रातोरात देव डोक्यावर घेऊन नदीपार झाले, अशी ती कथा. अलीकडे याच विषयावरील संदेश भ्रमणध्वनीवरून फिरू लागले असून, त्यांपैकी काही मजकूर आपल्या सूचना फलकावर लावावा अशी विनंती काही सभासदांनी केली आहे. त्या मजकुरात लाखो हिंदूंना जिवंत जाळल्याचे आकडे आहेत, खिळ्यांच्या पेटीची चित्रे आहेत, आणि सर्वांचा दोष एकाच संतपुरुषाच्या माथी मारलेला आहे.

देवाच्या दारी लावलेला कागद लोक खरा मानतात. मुले तो वाचून शाळेत सांगतात. म्हणून तो लावण्यापूर्वी या विषयात खरे काय व ऐकीव काय, हे सभासदांसमोर ठेवणे आम्हांस आवश्यक वाटले. प्रस्तुत लेखाचा हेतू कोणाच्याही पूर्वजांच्या दुःखास कमी लेखण्याचा नाही.

इन्क्विझिशन म्हणजे काय

कॅथलिक चर्चमधील पाखंड शोधून काढून त्यास शिक्षा देणारे धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन. अशी न्यायालये एक नव्हती, अनेक होती. स्पेनचे १४७८ मध्ये, पोर्तुगालचे १५३६ मध्ये आणि रोमचे १५४२ मध्ये स्थापन झाले. गोव्याचे न्यायालय ही पोर्तुगालच्या न्यायालयाची शाखा होती. पोपची संमती असली तरी त्याची सूत्रे लिस्बनच्या दरबाराशी बांधलेली होती. १५६० च्या अखेरीस अलेशो दियश फाल्कांव आणि फ्रांसिश्कु मार्किश हे दोन न्यायाधीश गोव्यात आले व कामकाज सुरू झाले. आशा अंतरीपापासून पूर्वेकडील सर्व पोर्तुगीज ठाणी त्यांच्या अधिकारात होती. त्यात आपले वसई, चौल व दमणही आले. मंत्री पोंबाल याच्या काळात १७७४ मध्ये हे न्यायालय बंद झाले, राणी मारिया पहिली हिच्या कारकीर्दीत चार वर्षांनी पुन्हा सुरू झाले, आणि १८१२ मध्ये कायमचे बरखास्त झाले.

आदिलशहाच्या जुन्या वाड्यात, से कॅथेड्रलसमोर, त्याची कचेरी भरत असे. गोव्याचे लोक त्या इमारतीस नुसते 'थोरले घर' म्हणत. नाव न घेता असे म्हणण्यातच किती धाक भरलेला आहे, हे आपल्या भाषेच्या माणसास वेगळे सांगावयास नको. आज त्या वास्तूचा मागमूस उरलेला नाही.

सेंट झेवियर यांचा संबंध

पहिली समजूत अशी की, सेंट फ्रान्सिस झेवियर यांनी गोव्यात इन्क्विझिशन चालविले. झेवियर १५४२ मध्ये गोव्यास आले आणि डिसेंबर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले. न्यायालय त्यानंतर आठ वर्षांनी आले. तेव्हा त्यांनी ते चालविले, कोणास शिक्षा दिली, हे कालगणनेतच बसत नाही.

परंतु त्यांचा काहीच संबंध नव्हता असे म्हणणारेही चुकतात. १५४६ मध्ये पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव यास लिहिलेल्या पत्रात त्यांनी भारतात इन्क्विझिशन पाठवावे अशी स्पष्ट मागणी केलेली आहे. पोर्तुगीज ठाण्यांत राहून गुप्तपणे यहुदी व मुसलमानी धर्म पाळणाऱ्या लोकांचा बंदोबस्त व्हावा, हे त्यामागचे कारण त्या पत्रात आहे. मागणी त्यांची होती, अंमल इतरांचा होता. फलकावर लिहावयाचे तर एवढेच लिहिता येईल.

खटले कोणावर चालत

दुसरी समजूत सर्वांत रूढ आहे. इन्क्विझिशन हिंदूंस पकडून ख्रिस्ती होण्यास भाग पाडीत असे, असे मानले जाते. वस्तुतः बाप्तिस्मा घेतलेल्या माणसावर चर्चची सत्ता चाले, आणि हे न्यायालय मुख्यतः अशा माणसांसाठीच होते. आरंभीचे तडाखे पोर्तुगालमधून आलेल्या यहुदी वंशाच्या 'नव्या ख्रिस्त्यां'वर बसले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा स्नेही असलेला वैद्य गार्सिया द ओर्ता याने आपल्या देशातील औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तो १५६८ मध्ये वारला. पुढील वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताच्या अस्थी उकरून काढून त्यांचे दहन करण्यात आले. मेलेल्या माणसाच्या हाडांवर खटला चालविणारे न्यायालय कोणत्या वृत्तीचे असेल, हे यावरून समजते.

पुढे मात्र खटल्यांतील सर्वांत मोठा गट गोव्याच्याच स्थानिक ख्रिस्त्यांचा झाला. त्यांचा अपराध 'मूर्तिपूजकांचे आचार' पाळणे हा होता. म्हणजे पूर्वी हिंदू असलेली, आणि मनाने व सवयीने बरीचशी तशीच राहिलेली माणसे. हिंदूंवर या न्यायालयाचा हात पडत नसे असे नाही. ख्रिस्ती झालेल्या आप्तास पूर्वीच्या विधींसाठी आश्रय दिला, कोणास ख्रिस्ती होण्यापासून रोखले किंवा बंदी असलेले विधी केले, तर हिंदूसही पकडले जाई. तरीही या न्यायालयापुढे उभ्या राहिलेल्यांत बहुसंख्य ख्रिस्ती होते, ही गोष्ट आपल्याकडील कथेतून पार गळून गेली आहे. आज गोव्यात ज्यांची आडनावे फर्नांडिस व डिसोझा आहेत, त्यांच्या पणजोबा-खापरपणजोबांनी थोरल्या घराची कोठडी भोगली. त्यांना या कथेतून वगळणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

१७३६ चा जाहीरनामा

या संदर्भात एक कागद आवर्जून सांगण्याजोगा आहे. एप्रिल १७३६ मध्ये इन्क्विझिशनने स्थानिक ख्रिस्त्यांसाठी एक जाहीरनामा काढला. लग्नात देशी वाद्ये वाजवू नयेत. ओव्या गाऊ नयेत. विधी म्हणून पानसुपारी वाटू नये. एकादशीस उपवास करू नये. घराच्या आवारात तुळस लावू नये व असेल ती उपटून टाकावी. हिंदूंच्या रीतीने बिनमिठाचा भात शिजवू नये. पुरुषांनी पुडवे म्हणजे धोतर व स्त्रियांनी हिंदू पद्धतीची चोळी घालू नये. अशी ही यादी बरीच लांबलचक आहे. आपल्या घरातील स्त्रियांस ही यादी वाचून दाखविल्यास त्यांस त्यातील प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटेल, कारण आपल्याकडील मंगलकार्य याहून वेगळे नसते.

आता विचार करावा. तिसवाडीत धर्मांतरास आरंभ होऊन त्या वेळी दोनशे वर्षे होत आली होती. सहा-सात पिढ्या उलटल्या होत्या. तरीही ओव्या, तुळस आणि एकादशी बंद करण्यासाठी हुकूम काढावा लागत होता. जी गोष्ट कोणी करीतच नाही तिच्यावर कोणी बंदी घालीत नाही. भाताच्या मिठापर्यंत पोहोचणारी सत्ता किती जाचक होती ते या कागदावरून दिसते, आणि ती किती अपुरी पडली तेही त्यातच दिसते. फिरत्या संदेशांतील रक्तरंजित चित्रांपेक्षा आम्हांस हा कोरडा सरकारी कागद अधिक बोलका वाटतो.

आकडे

उपलब्ध याद्यांनुसार १५६१ ते १७७४ या काळात गोव्याच्या न्यायालयापुढे सुमारे १६,२०० माणसांवर खटले चालले. त्यांपैकी प्रत्यक्ष जाळण्यात आलेल्यांची ज्ञात संख्या ५७ आहे, आणि मृत किंवा फरार म्हणून ज्यांच्या पुतळ्यांचे दहन झाले त्यांची ६४. तुलनेसाठी सांगावयाचे तर, स्पेनमधील १५४० ते १७०० या काळातील सुमारे ४४,००० खटल्यांच्या अभ्यासात प्रत्यक्ष दहनाची संख्या ८२६ आढळली आहे. लाखांचा आकडा या कागदपत्रांतून कोठूनही निघत नाही.

येथे काही मंडळी दुसऱ्या टोकास जातात. केवळ ५७ ना, मग एवढा गाजावाजा कशासाठी, असे ती विचारतात. हा प्रश्नही आम्हांस अप्रस्तुत वाटतो. या न्यायालयाचा धाक चितेपेक्षा त्याच्या कार्यपद्धतीत होता. चुगली करणाऱ्याचे नाव आरोपीस कळविले जात नसे. कित्येकदा आरोप कोणता हेही सांगितले जात नसे, त्याने तो स्वतःच आठवून कबूल करावा अशी अपेक्षा असे. अटकेबरोबरच मालमत्तेवर टाच येई. दोरीने टांगणे व चौकटीवर आवळणे हे यातनांचे प्रकार पोर्तुगीज इन्क्विझिशनमध्ये रीतसर वापरले जात. शेवटी आउतो-दा-फे नावाचा जाहीर सोहळा होई. त्यात चित्रविचित्र झगे घालून, हाती मेणबत्त्या देऊन आरोपींना शहरातून फिरवीत. फटके, हद्दपारी, गलबतांवरील सक्तमजुरी, अशा शिक्षा तेथे वाचून दाखवीत. मृत्युदंड झालेल्यास न्यायालय स्वतः मारीत नसे, सरकारच्या हवाली करी. 'आम्ही रक्त सांडत नाही' असे म्हणण्याची ती सोय होती.

हे सर्व आतून पाहून लिहिणारा एक साक्षीदार आपल्या सुदैवाने आहे. शार्ल देलों नावाचा तरुण फ्रेंच वैद्य दमणमध्ये पकडला गेला. बाप्तिस्मा आणि मूर्ती यांविषयी तो काही मोकळेपणाने बोलला होता, एवढेच निमित्त. गोव्याच्या कोठडीत दोन वर्षे काढल्यावर जानेवारी १६७६ च्या सोहळ्यात त्यास पाच वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. सुटकेनंतर १६८७ मध्ये त्याने आपली हकिकत छापली व ती युरोपभर वाचली गेली. सकाळच्या वेळी यातना भोगणाऱ्यांच्या किंकाळ्या कोठडीत ऐकू येत, असे तो लिहितो. मात्र तो दुखावलेला कैदी होता, आणि त्याचे पुस्तक पुढे प्रॉटेस्टंट देशांत कॅथलिकांविरुद्ध प्रचारास वापरले गेले, हेही ध्यानात ठेवून ते वाचावे. १८०८ मध्ये क्लॉडियस बुकॅनन हा स्कॉटिश धर्मोपदेशक गोव्यास गेला, तेव्हा त्याने तेथील एका न्यायाधीशासच ते पुस्तक दाखवून विचारले होते, आणि वर्णनाचा बराच भाग त्या न्यायाधीशाने मान्य केला, असे बुकॅननने लिहून ठेवले आहे.

खिळ्यांच्या पेटीविषयी एक शब्द. 'लोखंडी कुमारिका' म्हणून जे यंत्र दाखविले जाते, ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय कल्पनेतून आणि जुन्या वस्तू जमविणाऱ्यांच्या हौसेतून तयार झालेले आहे. इन्क्विझिशनशी त्याचा संबंध नाही.

न्यायालय बरखास्त झाल्यावर खटल्यांचे बहुतेक कागद सरकारी संमतीने जाळून टाकण्यात आले. अफवांना एवढे रान मिळण्याचे हे एक मोठे कारण होय. सुदैवाने १६२३ पर्यंतच्या खटल्यांची एक सूची आणि लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार शिल्लक राहिला. आपल्याकडे हा विषय पुराव्यानिशी मांडण्याचे श्रेय अनंत काकबा प्रियोळकर यांस जाते. १९५१ च्या कारवार साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि त्यांचा इन्क्विझिशनवरील इंग्रजी ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या आडनावातील प्रियोळ म्हणजे आज श्रीमंगेशाचे देवालय जेथे आहे तेच गाव.

मग देव कोणामुळे हलले

हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा. श्रीमंगेश कुशस्थळीहून म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून प्रियोळास, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, श्रीरामनाथ लोटलीहून बांदिवड्यास गेले. ही स्थलांतरे सोळाव्या शतकातील आहेत, आणि ती इन्क्विझिशनच्या हुकुमाने झालेली नाहीत. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारासच, म्हणजे इन्क्विझिशनच्या वीस वर्षे आधी, पाडली गेली होती. साष्टीत १५६७ मध्ये राशोलच्या किल्लेदाराने मोहीम चालवून सुमारे २८० देवळे जमीनदोस्त केली. मागोमाग बारदेशातही तेच झाले. हे काम विजरई, त्याचे किल्लेदार, धर्मप्रसारक आणि त्यांनी मिळून काढलेले कायदे यांचे होते. बाप मेलेल्या हिंदू मुलांस ताब्यात घेऊन त्यांचा बाप्तिस्मा करावा हा १५५९ चा कायदा राजाचा होता. हिंदूंनी गोवे शहरात व आसपास लग्ने करू नयेत हा १६२० चा हुकूम सरकारचा होता, आणि त्यामुळे लोक हद्दीबाहेर जाऊन लग्ने लावीत. तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोला हा १६८४ चा हुकूम विजरईचा होता. शेंडीवरील करही सरकारीच.

कुंकळ्ळीचेही तसेच. १५८३ मध्ये तेथील गावकऱ्यांनी पाच जेझुइटांस ठार केले, आणि मागाहून वाटाघाटीस म्हणून बोलाविलेल्या त्यांच्या मुखियांस असोळण्याच्या किल्ल्यात पोर्तुगीज सैनिकांनी कापून काढले. त्यात न्यायालय नव्हते, खटलाही नव्हता. कुंकळ्ळीची देवी फातर्प्यास गेली. आजही तिच्या छत्रोत्सवात त्या गावच्या हिंदू घराण्यांबरोबर ख्रिस्ती झालेल्या घराण्यांचाही मान असतो.

जुन्या गोव्यातील हातकातरो खांबाविषयीही असेच म्हणावे लागते. त्यावर इन्क्विझिशन हिंदूंचे हात तोडीत असे, असे वाटाडे सांगतात. हात तोडणे ही या न्यायालयाच्या शिक्षांपैकी शिक्षाच नव्हे. असे खांब पोर्तुगीज नगरांत शहराच्या दिवाणी सत्तेची खूण म्हणून व गुन्हेगारांस बांधण्यासाठी उभारीत. मात्र तो काळा दगड कोणत्या तरी पाडलेल्या देवळाचा असावा असे त्याच्या घडणीवरून अभ्यासकांस वाटते. कथा चुकली तरी दगड आपलाच, असा हा प्रकार आहे.

कोणी म्हणेल, छळ तो छळ, किल्लेदाराने केला की न्यायाधीशाने, काय फरक? फरक असा की, सर्व काही 'चर्चच्या न्यायालया'वर ढकलले म्हणजे राजसत्ता मोकळी सुटते. देवळांच्या जमिनी कोणी घेतल्या, त्यांचे उत्पन्न कोठे गेले, हे प्रश्न मग कोणी विचारीत नाही.

पाव आणि विहीर

वसई व गोव्याकडील एक कथा आपल्या वृद्ध मंडळींकडून हमखास ऐकू येते. पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, गावाने ते पाणी प्यायले, आणि सारा गाव बाटला. चर्चच्या नियमांप्रमाणे पाण्याचा विधी व विशिष्ट मंत्रोच्चार यांशिवाय बाप्तिस्मा होत नाही. पाव खाऊन कोणी ख्रिस्ती होत नाही. ते लोक बाटले हा निकाल आपल्या समाजाने दिला. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये नेताजी पालकरास परत घेतले, १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी गोव्यातील हजारो गावड्यांस शुद्ध करून घेतले, ही उदाहरणे नावाने लक्षात राहतात, याचे कारण ती विरळा आहेत. ज्यांना परतावयाचे होते त्यांच्यासाठी आपली दारे बहुधा बंदच होती. हा भाग फिरत्या संदेशांत नसतो.

ग्वाल्हेरच्या घराण्यांविषयी

आपले सर्वच गोमंतकीय पूर्वज इन्क्विझिशनपासून पळून आले, असेही सरसकट म्हणता येत नाही. फोंडे महाल १७६३ मध्ये व पेडणे त्याहून उशिरा पोर्तुगीजांकडे गेले, आणि तेथे देवळे व चालीरीती राखण्याचे वचन देण्यात आले होते. महादजी शिंदे यांचे बक्षी जिवबादादा केरकर हे पेडणे महालातील केरीचे. ही मंडळी उत्तरेत आली ती शिंदेशाहीच्या चाकरीसाठी, लेखणी व तलवार यांच्या जोरावर. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उज्जैनीस महाकालेश्वराचा जीर्णोद्धार केला, आणि त्यांच्याच शब्दावरून पेशव्यांनी १७३९ मध्ये मंगेशी गाव देवस्थानास इनाम दिले. निर्वासिताच्या कथेपेक्षा ही कथा कमी अभिमानास्पद आहे असे आम्हांस वाटत नाही.

सबब, विश्वस्त मंडळाने सदर संदेश फलकावर न लावण्याचे ठरविले आहे. ज्या घराण्यांकडे गोमंतकातून आल्याविषयीचे कुलवृत्तांत, सनदा, इनामपत्रे किंवा मोडी कागद असतील, त्यांनी त्यांच्या छायाप्रती सायंआरतीनंतर कार्यालयात आणून द्याव्यात. मूळ कागद कोणीही देऊ नये. मोडी वाचनाची व्यवस्था मंडळामार्फत विनामूल्य करण्यात येईल, आणि वाचन झालेला मजकूर त्या त्या घराण्याच्या संमतीने येथेच प्रसिद्ध करण्यात येईल.



सचिव,
विश्वस्त मंडळाकरिता
दाना ओली, लष्कर, ग्वाल्हेर